थेट आवाज, तुकड्यातुकड्यांनी: वेबवर ऑडिओ प्रक्षेपण उभारताना

वेबवरून थेट आवाज ऐकवायची जुनी पद्धत म्हणजे नळ उघडा सोडणं. आइसकास्ट किंवा शाउटकास्टचा सर्व्हर प्रत्येक श्रोत्याशी एक जोडणी उघडतो आणि श्रोता ऐकतोय तोवर त्या जोडणीतून आवाज वाहत राहतो. उशीर कमी, मांडणी सोपी. पण श्रोता वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की जोडणी तुटते आणि आवाज बंद. शिवाय मधल्या कॅशे सर्व्हरना (फाइलींची प्रत साठवून ती श्रोत्यांना देणाऱ्या सर्व्हरना) या नळाचं काही करता येत नाही, कारण साठवून ठेवण्यासारखी ‘फाइल’ अशी काही नसतेच.

तुकड्यांची पद्धत वेगळी आहे. चालू आवाज काही सेकंदांच्या छोट्या फाइलींमध्ये कापायचा, त्या साध्या वेब सर्व्हरवर ठेवायच्या आणि सोबत एक यादी ठेवायची: सध्या कोणते तुकडे उपलब्ध आहेत, कोणत्या क्रमाने वाजवायचे. श्रोत्याचा प्लेअर यादी पुन्हा पुन्हा उघडून बघतो, नवा तुकडा दिसला की उतरवतो. ॲपलने २००९ मध्ये आयफोनसाठी ही पद्धत आणली, नाव एचटीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग, म्हणजे एचएलएस. तिचा मसुदा ऑगस्ट २०१७ मध्ये आरएफसी ८२१६ या क्रमांकित दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाला; पुढे ‘प्रमाण’ म्हणतो ते हेच. एमपेग-डॅश हा दुसरा पर्याय आहे, पण आयफोनवर तो थेट वाजत नाही. नुसत्या आवाजासाठी एकच काहीतरी उभारायचं असेल तर डोळे मिटून एचएलएस घ्या.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. या सगळ्या खटाटोपात आवाज क्वचितच बिघडतो. बिघडते ती यादी. म्हणून खाली आवाजापेक्षा यादीबद्दल जास्त वाचायला मिळेल.

आणखी एक: आवाज दाबून त्याचे तुकडे पाडायचं काम एफएफएमपेग हे मुक्त सॉफ्टवेअर करतं. त्याच्या पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर घालून लिहायची.

आधी यादी डोळ्यांखालून घाला

चालू प्रक्षेपणाची यादी ही एक साधी मजकुराची फाइल असते, एमथ्रीयूएट या प्रत्ययाची. नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यातला मजकूर मराठीत उतरवला तर असा दिसेल:

टार्गेट ड्युरेशन: ६
मीडिया सीक्वेन्स: १०४२
६.४०० सेकंद, तुकडा १०४२
६.४०० सेकंद, तुकडा १०४३
६.४०० सेकंद, तुकडा १०४४
… आणि असंच तुकडा १०४७ पर्यंत

पुढचा तुकडा तयार झाला की १०४२ वरून गळतो, १०४८ खाली येतो आणि मीडिया सीक्वेन्स १०४३ होतो. खिडकी एक घर पुढे सरकली, एवढंच. मीडिया सीक्वेन्स म्हणजे यादीतल्या पहिल्या तुकड्याचा क्रमांक. प्लेअर त्याच्यावरच विसंबून असतो. हा आकडा मागे गेला तर प्लेअर गोंधळतो. एखादा गप्प बसतो, एखादा तेच तेच तुकडे वाजवत राहतो.

टार्गेट ड्युरेशन म्हणजे तुकड्याच्या लांबीची कमाल मर्यादा, पूर्ण सेकंदांत. तुकड्याची लांबी जवळच्या पूर्णांकात मोजली जाते, म्हणून ६.४ सेकंदांच्या तुकड्याला ६ चालतात. यादीत बदल दिसला की प्लेअर साधारण एवढा वेळ थांबून पुन्हा यादी मागतो. बदल दिसला नाही तर निम्म्या वेळात परत येतो. आणि प्रमाणानुसार प्लेअर यादीच्या शेवटापासून तीन टार्गेट ड्युरेशनपेक्षा जवळ वाजवायला सुरुवात करत नाही. उशीर येतो तो मुख्यतः इथून: तीन तुकडे मागे, वर एक तुकडा अजून घडतोय. सहा-साडेसहा सेकंदांच्या तुकड्यांना वीस ते तीस सेकंद उशीर धरून चला. निवेदक श्रोत्यांचे संदेश वाचून दाखवणार असेल तर त्याला हे आधी सांगा, नाहीतर ‘आवाज येतोय का, लगेच कळवा’ म्हणून तो अर्धा मिनिट अवघडून बसेल.

तुकडा किती लांब? माझं उत्तर: ६.४ सेकंद

ॲपलची शिफारस सहा सेकंदांची आहे. मग हे चार दशांश कशाला?

एएसी हा आवाज दाबून साठवायचा प्रकार १०२४ नमुन्यांच्या चौकटींमध्ये काम करतो. अर्धी चौकट कापता येत नाही. आवाज ४८,००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा, असेल तर एक चौकट २१.३३ मिलिसेकंदांची. सहा सेकंदांत अशा चौकटी बसतात २८१.२५, म्हणजे कधी २८१, कधी २८२. मग यादीत एक तुकडा ५.९९ सेकंदांचा, पुढचा ६.०२ चा, असे आकडे नाचत राहतात. वाजायला काही अडत नाही. पण ६.४ सेकंदांत बरोबर ३०० चौकटी बसतात. यादीतला प्रत्येक आकडा सारखा येतो आणि कुठे काही हुकलं की नुसत्या नजरेने पकडता येतं. ३.२ सेकंदांत १५० बसतात, उशीर कमी हवा असेल तर तो आकडा घ्या.

याचसाठी ४४,१०० हर्ट्झऐवजी ४८,००० घ्या. एमपेगचं वेळ मोजायचं घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोके देतं. ४८,००० ला प्रत्येक चौकट नेमक्या १,९२० ठोक्यांची होते, ४४,१०० ला अपूर्णांक उरतो.

याहून लहान तुकड्यांचा मोह टाळा. एका सेकंदाचे तुकडे केले की विनंत्या सहापटीहून वाढतात आणि नेटवर्क जरा अडखळलं तरी आवाज तुटतो. दोन-तीन सेकंदांचाच उशीर परवडणारा असेल तर लो-लेटन्सी एचएलएस आहे, ॲपलने ते २०१९ मध्ये जाहीर केलं. पण त्याला सर्व्हर वेगळा लागतो आणि पहिल्या उभारणीसाठी ते प्रकरण जड आहे.

पहिली पायरी: खोट्या आवाजावर तालीम

माईक जोडू नका अजून. एफएफएमपेग बसवा आणि त्याच्या सूर निर्माण करणाऱ्या साइन स्रोतातून ४४० हर्ट्झचा एकसुरी आवाज घ्या. किंवा एखादी लांब ध्वनिफीत घ्या. इथे इनपुटच्या आधी ‘आरई’ हा पर्याय द्यायला विसरू नका. तो नसेल तर एफएफएमपेग फाइल जेवढ्या वेगाने वाचता येईल तेवढ्या वेगाने वाचतं, तासाभराचे तुकडे बघता बघता तयार होतात आणि थेट प्रक्षेपणाचा सगळा देखावा कोसळतो. उलट खरा माईक किंवा साउंड कार्ड जोडल्यावर ‘आरई’ काढून टाका. तो आवाज स्वतःच्याच वेगाने येत असतो.

आउटपुटचे पर्याय असे:

ऑडिओ कोडेक एएसी, सॅम्पल रेट ४८०००. बोलण्यासाठी मोनो आणि सेकंदाला ६४ किलोबिट पुरेत. संगीत असेल तर स्टिरिओ आणि १२८. मधलं काही हवं असेल तर ९६.

एचएलएस टाइम: ६.४. काही लिहिलं नाही तर एफएफएमपेग २ सेकंद धरतं.

एचएलएस लिस्ट साइज: ६. न सांगता मिळतात ५. प्रमाणानुसार यादी तीन टार्गेट ड्युरेशनपेक्षा आखूड होता कामा नये, पण अगदी काठावर राहू नका.

एचएलएस फ्लॅग्जमध्ये डिलीट सेगमेंट्स. नाहीतर डिस्क भरेपर्यंत तुकडे साचत जातील.

एचएलएस डिलीट थ्रेशोल्ड: १०. हा पर्याय बहुतेक लोक वगळतात. यादीतून गळलेला तुकडा लगेच पुसायचा नसतो. मागे राहिलेला एखादा प्लेअर अजून जुनी यादी धरून असतो आणि तो तुकडा मागणार असतो. प्रमाण सांगतं की गळलेला तुकडा निदान स्वतःची लांबी अधिक तो ज्या सर्वांत लांब यादीत होता तिची लांबी, एवढा वेळ उपलब्ध हवा. सहा तुकड्यांच्या यादीला हे होतात सात तुकडे. एफएफएमपेग आपण काही न सांगितल्यास एकच जादा तुकडा ठेवतं. दहा ठेवा, निवांत राहा.

एचएलएस स्टार्ट नंबर सोर्स: इपॉक. याबद्दल लगेच पुढे.

तुकडे लिहायची जागा शक्यतो मेमरीतली निवडा. लिनक्सवर टीएमपीएफएस प्रकारची फोल्डर त्यासाठी असते. ९६ किलोबिटचा ६.४ सेकंदांचा तुकडा जेमतेम ७७ किलोबाइटचा, वर थोडं वेष्टन. सोळा-सतरा तुकड्यांना दीड मेगाबाइटही लागत नाही.

इपॉकचा धडा

एका दिवसभराच्या कार्यक्रमाचं प्रक्षेपण मी सांभाळत होतो. दुपारी वीज गेली, एन्कोडरचं (आवाज दाबून तुकडे पाडणारं) मशीन बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. एफएफएमपेगही आपोआप सुरू झालं. माझ्या हेडफोनमध्ये सगळं उत्तम. आणि मग फोन यायला लागले: व्यासपीठावर चर्चा रंगलेली असताना श्रोत्यांना ऐकू येत होतं ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री.’ सकाळची आवाजचाचणी.

झालं होतं असं की पुन्हा सुरू झाल्यावर तुकड्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू झाले. नावं तीच: तुकडा ०, तुकडा १. मधल्या कॅशे सर्व्हरला मी सांगून ठेवलं होतं की तुकडे एक दिवस साठव, ते कधी बदलत नाहीत. त्याने इमानेइतबारे सकाळचा तुकडा ० काढून दिला. मी थेट मूळ सर्व्हरवरून ऐकत होतो, म्हणून मला पत्ताच नाही.

चूक सर्वस्वी माझी. उपाय एका शब्दाचा: इपॉक. मग क्रमांक शून्याऐवजी १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांच्या आकड्यापासून सुरू होतो. मशीन कितीही वेळा बंद पडलं तरी नवा क्रमांक जुन्यापेक्षा मोठाच येतो, कारण तुकडे सेकंदांपेक्षा सावकाश वाढतात. नाव कधी परत येत नाही, मीडिया सीक्वेन्स कधी मागे जात नाही. सोबत डिसकंटिन्यू स्टार्ट हा फ्लॅग द्या (लिहिताना तो ‘डिसकाँट स्टार्ट’ असा आखूड आहे), म्हणजे यादीत खंडाची खूण पडते आणि वेळेची मोजणी नव्याने सुरू झाली हे प्लेअरला कळतं.

आणि प्रक्षेपण ऐकून बघायचं तर श्रोता ऐकतो त्याच पत्त्यावरून ऐका. मोबाइल डेटावर, वायफाय बंद करून.

दुसरी पायरी: वेब सर्व्हर

एनजिनएक्स असो वा अपाचे, कोणताही साधा वेब सर्व्हर चालतो. हीच तर या पद्धतीची गंमत. फक्त चार गोष्टी नीट लावा.

फाइलींचे प्रकार: यादीसाठी ‘ॲप्लिकेशन / व्हीएनडी डॉट ॲपल डॉट एमपेगयूआरएल’, टीएस (एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम या वेष्टनातल्या) तुकड्यांसाठी ‘व्हिडिओ / एमपीटूटी’. आवाजाच्या तुकड्याला व्हिडिओ म्हणणं विचित्र वाटतं, पण ते वेष्टनाचं नाव आहे. एनजिनएक्सच्या तयार यादीत हे दोन्ही प्रकार आधीच असतात.

कॅशे: इथे दोन फाइलींना दोन अगदी उलट नियम. यादी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त साठवायची नाही. तुकडा एकदा तयार झाला की बदलत नाही, म्हणून तो खुशाल दीर्घकाळ साठवू द्या (नावं परत येत नाहीत याची खात्री झाल्यावर, वरचा प्रसंग आठवा). दोघांना एकच नियम लावणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. यादी मिनिटभर साठवली गेली तर श्रोत्याला अर्धा मिनिट आवाज, मग शांतता, मग उडी, असा खेळ ऐकू येतो. ‘फाइल सापडली नाही’ हे ४०४ चं उत्तरही कॅशे सर्व्हर साठवून ठेवू शकतो, त्यालाही सेकंदाची मर्यादा घाला.

सीओआरएस: ज्या पानावर प्लेअर आहे त्याचं डोमेन आणि तुकड्यांचं डोमेन वेगळं असेल तर ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हे हेडर हवं. नसेल तर यादी ब्राउझरमध्ये थेट उघडेल पण प्लेअरमध्ये वाजणार नाही.

एचटीटीपीएस: पान सुरक्षित आणि तुकडे असुरक्षित असं मिश्रण ब्राउझर चालू देत नाहीत.

वाहतुकीचा हिशेबही इथेच करा. ९६ किलोबिटला एक श्रोता तासाला ४३ मेगाबाइट ओढतो. पाचशे श्रोते म्हणजे एका वेळी ४८ मेगाबिट आणि तासाला साडेएकवीस गिगाबाइट. विनंत्या: प्रत्येक श्रोता दर तुकड्याला एक यादी आणि एक तुकडा मागतो, म्हणजे पाचशेंच्या मिळून सेकंदाला दीडशेच्या आसपास. साध्या सर्व्हरला हे सहज झेपतं, जोडणीची रुंदी तेवढी तपासा. त्यापुढे मात्र सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणच्या कॅशे सर्व्हरचं जाळं, लावा.

तिसरी पायरी: पानावरचा प्लेअर

सफारी एचएलएस स्वतःच वाजवतं. साध्या ऑडिओ टॅगमध्ये यादीचा पत्ता दिला की झालं. बाकीच्या ब्राउझरांसाठी एचएलएस डॉट जेएस ही मुक्त लायब्ररी वापरा. आधी तिला विचारा, ‘इथे चालशील का?’ ती नाही म्हणाली तर ब्राउझरला स्वतःला येतं का ते बघा. याच क्रमाने.

पान उघडताच आवाज सुरू करायचा हट्ट सोडा. वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय आवाज वाजवू द्यायला ब्राउझर सहसा नकार देतात. मोठं, स्पष्ट ‘ऐका’ बटण ठेवा.

विराम ही जागा फार फसवी. श्रोत्याने विराम दिला, पाच मिनिटांनी परत आला. त्याचा प्लेअर जिथे थांबला होता ते तुकडे केव्हाच पुसले गेलेत. काहीच केलं नाही तर बफरमधले चार शब्द वाजतात आणि मग उडी किंवा शांतता. म्हणून पुन्हा ‘ऐका’ दाबल्यावर प्लेअरला थेट काठावर, म्हणजे सर्वांत ताज्या तुकड्यांपाशी, न्या. एचएलएस डॉट जेएसमध्ये लाइव्ह सिंक पोझिशन हा आकडा त्यासाठीच आहे. बटणावर ‘विराम’ऐवजी ‘थांबवा’ लिहिलं तर श्रोत्याचीही गैरसमजूत होत नाही.

चौथी पायरी: खरा आवाज

आता मिक्सरचा आउटपुट साउंड कार्डला द्या. लिनक्सवर एफएफएमपेग तो अल्सामधून घेतं, मॅकवर एव्ही फाउंडेशनमधून, विंडोजवर डीशोमधून.

साउंड कार्डाचं घड्याळ आणि संगणकाचं घड्याळ कधीच तंतोतंत जुळत नाहीत. तासाभराच्या कार्यक्रमात ते जाणवणार नाही. चोवीस तास चालणाऱ्या प्रक्षेपणात फरक साचत जातो. एरिसॅम्पल हे फिल्टर असिंक १००० देऊन लावलं की ते बारीक बारीक ओढाताण करून जुळवून घेतं.

आवाजाची पातळी एकसारखी ठेवायला लाउडनॉर्म फिल्टर आहे. वेबसाठी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या पातळीच्या एककाच्या) आसपास ठेवा. प्रसारणातल्या ईबीयू आर १२८ या युरोपीय प्रमाणाचं उणे २३ हे फोनच्या स्पीकरवर फार दबकं वाटतं. एक खाचखळगा: थेट आवाजावर लाउडनॉर्म आतल्या आत सॅम्पल रेट १,९२,००० हर्ट्झवर नेतं. आउटपुटला ४८,००० स्पष्ट लिहिलं नसेल तर एन्कोडरला भलताच दर मिळतो आणि वरचं ६.४ चं सगळं गणित पाण्यात. अर्थात मिक्सरवर जाणकार माणूस बसला असेल तर हे फिल्टर लावूच नका. दोघे मिळून एकाच आवाजावर हात फिरवायला लागले की विरामात श्वास आणि पंख्याची घरघर वर येते.

कार्यक्रमाची जागा आणि सर्व्हर दूर असतील तर तुकडे कुठे पाडायचे? माझं मत: सर्व्हरवर. जागेवरून एकच अखंड प्रवाह एसआरटीने (डळमळत्या नेटवरून थेट प्रवाह पाठवायच्या पद्धतीने) पाठवा. हरवलेली पाकिटं एसआरटी पुन्हा मागवून घेतं, त्यामुळे तिथलं नेट थोडं डळमळलं तरी तुकडे अखंड राहतात. एफएफएमपेगमध्ये एसआरटीचा लेटन्सी आकडा मायक्रोसेकंदांत द्यायचा असतो. मिलिसेकंद समजून २००० लिहिलं तर ते दोन सेकंद नव्हे, दोन मिलिसेकंद होतात आणि पुन्हा मागवायला वेळच उरत नाही.

एफएफएमपेग कोलमडलं तर आपोआप उठायला हवं. लिनक्सवर सिस्टिमडीची सेवा बनवून रीस्टार्ट ऑलवेज लावा. रोजचं, चोवीस तासांचं केंद्र चालवायचं असेल तर लिक्विडसोप या रेडिओ केंद्रासाठीच्या सॉफ्टवेअरकडे वळा. मूळ आवाज बंद पडला की राखीव ध्वनिफितीवर जाणं ते स्वतः करतं आणि एचएलएसही स्वतःच लिहितं.

दोन-तीन बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट, तो आकडा) देऊन प्लेअरला निवडू द्यायचं, म्हणजे मास्टर यादी करायची, हे आवाजासाठी बहुतेक वेळा अनावश्यक. ६४ किलोबिटही न झेपणारं नेट असेल तर ४८ ने फारसं साधत नाही. फार कमी बिटरेटला बरा वाजणारा एचई-एएसी हवा असेल तर एफएफएमपेगचा स्वतःचा एन्कोडर तो करत नाही. लिबएफडीके ही वेगळी लायब्ररी लागते आणि परवान्यामुळे ती तयार पॅकेजांत सहसा नसते, तिच्यासह एफएफएमपेग स्वतः बांधावं लागतं.

आदल्या रात्री

यादी दर पाच सेकंदांनी उघडून बघा, दहा मिनिटं. मीडिया सीक्वेन्स वाढतोय ना, लांब्या ६.४०० आहेत ना. मग एन्कोडर मुद्दाम मारून टाका आणि फोनवर काय होतं ते ऐका. मग फोनचं नेट वीस सेकंद बंद करून चालू करा. मग सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का बघा, कारण इपॉकचा आकडा तिथूनच येतो.

एफएफएमपेग शिस्तीत थांबवलं की यादीच्या शेवटी ‘एंडलिस्ट’ची ओळ लिहितं आणि ती वाचून प्लेअर कायमचे थांबतात, पुन्हा यादी मागत नाहीत. चोवीस तासांच्या केंद्रासाठी हे घातक, तिथे ओमिट एंडलिस्ट फ्लॅग लावा. एका कार्यक्रमापुरतं प्रक्षेपण असेल तर तीच ओळ हवी असते, नाहीतर प्लेअर पुढच्या तुकड्याची वाट बघत गोल फिरत राहतात. मात्र कार्यक्रम संपताक्षणी सर्व्हर बंद करू नका. सभागृहात खुर्च्या आवरायला लागल्या तेव्हा श्रोत्यांच्या कानात अजून आभारप्रदर्शन चालू असतं.